आचारातील कष्ट : साधन की साध्य?

परमार्गात अटन, विजन, भिक्षा व स्मरण यांचे स्थान सर्व साधकांस विदित आहे. अनुसरलेल्या जीवाने स्वदेशाचा, स्वग्रामाचा आणि विशेषेकरून आप्तजनांचा संबंध टाकावा, परक्या मुलखात वृक्षाच्या आसऱ्याने दिवस कंठावेत, असे सर्वज्ञांचे निरूपण आहे. या आचारात ऊन आहे, थंडी आहे, भूक आहे आणि अपमानही आहे. त्यावरून पुष्कळांची अशी समजूत होते की, देहाला जितके क्लेश अधिक तितका मोक्ष जवळ. ही समजूत तपासणे अगत्याचे आहे. कारण तिच्यापायी कित्येकांचा आचार बाहेरून उग्र आणि आतून पोकळ होत चालला आहे.

पूर्वपक्ष असा : देहसुखामुळेच जीव प्रपंचात गुंततो, म्हणून देहाला दुःख देणे हेच सुटकेचे साधन होय. वरवर पाहता हे पटते. परंतु १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रातील लक्षावधी माणसे रणरणत्या उन्हात खडी फोडीत होती. तेवढे ऊन व तेवढी भूक कोणत्या भिक्षुकाच्या वाट्याला येते? क्लेशच तारक असते, तर ती सर्व मंडळी न मागताच मुक्त झाली असती. त्यांनी ते क्लेश स्वेच्छेने पत्करलेले नव्हते, असे कोणी म्हणेल. ठीक आहे, पंचाग्निसाधन करणारा तर ते बुद्ध्या पत्करतो. त्याचे काय? सिद्धान्त स्पष्ट आहे. तपाचे फळ देवता देतात. ते भोगून सरते आणि जीव पुन्हा संसारात येतो.

मग आचारात कष्ट कशासाठी? प्रत्येक कष्ट कोणता तरी एक संबंध सोडविण्यासाठी आहे. भिक्षेचेच पाहावे. भिक्षेतील खरी अवघड जागा शिळ्या भाकरीत नाही. ती उंबऱ्यापाशी आहे. दार अनोळखी असते. आतून ‘पुढे जा’ असा शब्द येण्याचा संभव असतो. त्या क्षणी कूळ, विद्या, वय, मठातील मान यांपैकी काहीही उपयोगी पडत नाही. ‘मी अमुक’ हा अभिमान तेथे निराधार होतो. झोळीत पडलेली भाकरी ताजी की कोरडी, हा पुढचा आणि गौण प्रश्न आहे. याउलट, ठरलेल्या चार वासनिकांकडे ठरलेल्या वेळी जावे, तेथे वरणभात झाकून ठेवलेला असावा, हा प्रकारही आढळतो. त्यात झोळी आहे, चालण्याचे श्रम आहेत. भिक्षा मात्र नाही. हे बोलणे कठोर वाटेल, पण त्याला इलाज नाही. अटनाचेही तसेच. किती कोस चाललो हे मोजून सांगणाऱ्याने घर सोडले खरे, परंतु त्या कोसांचे गाठोडे डोक्यावर घेतले.

म्हाइंभटांचे चरित्र या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. सराळ्याचे हे विद्वान व संपन्न गृहस्थ डोंबेग्रामी वादाच्या इच्छेने आले होते. पुढे ते अनुसरले. श्रीप्रभूंच्या प्रयाणानंतर लीळा संग्रहित करण्याचे कार्य त्यांनी हाती घेतले आणि ज्यांनी ते प्रसंग प्रत्यक्ष पाहिले होते त्यांना गाठून विचारपूस केली. पायपीट झालीच असेल, परंतु तेवढी पायपीट कोणताही व्यापारी करतो. वाद जिंकण्यास आलेल्या पंडिताने साध्यासुध्या स्त्रीपुरुषांसमोर बसून ‘मग काय झाले?’ असे विचारावे, आणि ते आपल्या विद्वत्तेचा रंग न चढविता साध्या मराठीत उतरवावे, हे त्याहून कितीतरी अवघड होय.

वासनिकाला घर सोडता येत नाही. म्हणून तो उपवास वाढवितो. परंतु शेताच्या बांधावरून भावाशी बोलणे बंद असेल, तर त्याचा उंबरा तेथेच आहे. आपण होऊन प्रथम बोलणे त्याला कोणत्याही उपवासापेक्षा जड जाईल.

राहिला प्रश्न वृद्ध व रुग्ण साधकाचा. औषध घेतल्याने, अंथरुणावर पडून राहिल्याने आपला आचार बुडाला, असे मानून तो खंत करीत बसतो. वस्तुतः आयुष्यभर कोणाकडून पाण्याचा तांब्याही न घेतलेल्या अशा भिक्षुकाला धाकट्या साधकाने उठवून बसविणे, तोंड धुणे, घास भरविणे, हे सोसणे फार कठीण असते. तेही त्याने सोसावे, आणि सोसताना स्मरण चालू ठेवावे.