श्वासनलिकेतील पाऊलखुणा

फ्लूचा विषाणू श्वासनलिकेच्या अस्तरात शिरला की रक्तातून जे आधी धावून येतात, त्यांत न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी असतात. रक्तवाहिनीच्या भिंतीवरून त्या घरंगळत येतात, धोक्याचा संकेत मिळताच थबकतात आणि भिंतीतील फटीतून अंग चोरून बाहेर पडतात. त्यांचे आयुष्य अल्प. विषाणूग्रस्त पेशी नेमक्या हेरून मारणाऱ्या टी-पेशी काही दिवसांनी पोहोचतात. मग त्यांना वाट कोण दाखवते?

2015 साली अमेरिकेतील रॉचेस्टर विद्यापीठाच्या संशोधकांनी उंदरांच्या श्वासनलिकेत याचा शोध घेतला. पुढे सरकताना न्यूट्रोफिलची मागची बाजू शेपटीसारखी ताणली जाते व तिचे सूक्ष्म तुकडे वाटेत गळून पडतात. त्यांत सीएक्ससीएल-12 हा रासायनिक संकेत असतो. टी-पेशी त्या मागाने जातात. न्यूट्रोफिल काढून टाकल्यावर टी-पेशी कमी पोहोचल्या आणि विषाणूचा निपटारा रेंगाळला.

येथे सूरह यासीनची बारावी आयत आठवल्याखेरीज राहत नाही. माणसाने पुढे पाठविलेल्या कर्मांसोबत त्याच्या ‘आसार’चीही नोंद होते, असे तेथे सांगितले आहे. ‘आसार’ म्हणजे मागे राहिलेल्या खुणा, अगदी पाऊलखुणासुद्धा. मदीनेतील बनू सलिमा कबिल्याने मस्जिदीजवळ राहावयास येण्याचे ठरविले, तेव्हा प्रेषित मुहम्मद (स.) यांनी त्यांना आपल्याच वस्तीत राहण्यास सांगितले, कारण चालत येण्यातील त्यांची पावले लिहिली जात होती.

आयतीच्या समर्थनार्थ विज्ञानाचा दाखला द्यावा, असा येथे हेतू नाही. पेशीला नीयत नसते, म्हणून तिचा हिशेबही नाही. माणसाची अडचण वेगळी आहे. कर्मांचे मोल नीयतीवर ठरते, हे आपण जाणतो. पण मागे राहणाऱ्या बहुतेक खुणांमागे नीयतच नसते. वसुलीसाठी आलेल्या माणसाला ‘अब्बा घरी नाहीत’ असे सांगण्यास बाप मुलाला पाठवतो. त्याला केवळ तगादा टाळायचा असतो, मुलाला खोटे शिकवायचे नसते. मग मुलाच्या उद्याच्या खोटेपणाचा जाब त्याला द्यावा लागेल काय?

माझ्या मते, होय. मूल पाहत आहे हे त्याला ठाऊक होते, आणि ठाऊक असताना बेफिकीर राहणे हीही एक निवडच आहे. ज्याच्या शब्दांचा शंभर वर्षांनी कोणी विपर्यास केला, त्या आलिमाची गोष्ट निराळी. ती वाट त्याला दिसणेच शक्य नव्हते. अर्थात, मोठा झालेला मुलगा बापाकडे बोट दाखवून सुटत नाही. टी-पेशीला संकेतामागे जावे लागते, त्याला नाकारता येते.

तौबेचा प्रश्न यातून अधिक अवघड होतो. रात्री एकांतात केलेली तौबा अल्लाह जाणतो. शेजारच्या खोलीत झोपलेल्या मुलाला तिचा पत्ताही नसतो. म्हणून पुढच्या वेळी दार वाजेल तेव्हा बापाने स्वतः उठावे, मुलादेखत दार उघडावे आणि देणे केव्हा फेडणार ते सांगावे.