शनिवारी रात्री मी लांडगा होतो

क्लेरिक खाली पडली तेव्हा टेबलावर दोन-तीन सेकंद कोणीच बोललं नाही. मग मी म्हणालो, "मी काय करू? डाइसच तसा पडला."

क्लेरिक म्हणजे आमच्या ग्रुपमधल्या एका मैत्रिणीचं पात्र. मी जखमी झालो म्हणून मला बरं करायला ती धावत माझ्याजवळ आली होती, आणि माझ्या पंजांनी मी तिलाच आडवं केलं. खरा शत्रू पलीकडे तसाच उभा. तिने माझी कॅरेक्टर शीट ओढून घेतली, एका आकड्यावर बोट ठेवलं आणि म्हणाली, "विज्डम दहा? अरे, लांडगा होणाऱ्या माणसाची?"

ज्यांनी हा खेळ खेळलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांनी बाजारात आणला. एक जण डंजन मास्टर, म्हणजे डीएम. तो जग उभं करतो, बाकीचे त्यात एकेक पात्र होऊन जगतात, आणि जमेल की नाही अशी शंका आली की वीस बाजूंचा डाइस टाकतात. आम्ही दर शनिवारी रात्री पुण्यात एका मित्राच्या डायनिंग टेबलवर खेळतो.

या वेळी मला रूप बदलणारा योद्धा हवा होता. त्यासाठी कोणता क्लास घ्यायचा यावर लोक तासन्‌तास भांडू शकतात. मी इंजिनिअर, त्यामुळे मी आधी स्प्रेडशीट केली: कोण एका राउंडमध्ये सरासरी किती डॅमेज करतो. आठवडाभर त्यात घालवल्यावर लक्षात आलं की खरा फरक डॅमेजच्या कॉलममध्ये नाहीच.

ड्रुइड घ्या. २०१४ च्या नियमांत चंद्राच्या वर्तुळातला ड्रुइड दुसऱ्या लेव्हललाच अस्वल होऊन लढू शकतो. शरीर, ताकद, नखं अस्वलाची. पण बुद्धी, विवेक आणि व्यक्तिमत्त्वाचे आकडे त्याचे स्वतःचेच राहतात. त्याला बोलता येत नाही. मित्र कोण नि शत्रू कोण हे मात्र त्याला पक्कं ठाऊक असतं. त्यामुळे अस्वल असताना केलेल्या कोणत्याही गोष्टीबद्दल त्याला सकाळी सबब सांगता येत नाही.

बार्बेरियनमध्ये 'बीस्ट'चा मार्ग २०२० च्या 'टाशाज कॉल्ड्रन ऑफ एव्हरीथिंग'मध्ये आला. राग चढला की त्याला सुळे, नखं किंवा शेपूट फुटते, त्या वेळी काय फुटावं हे तोच ठरवतो. गंमत अशी की नियमांत रेज ही बोनस ॲक्शन आहे. खेळाडूला आपली पाळी आल्यावर सगळ्यांसमोर सांगावं लागतं: "मी रेज करतो."

हे वाक्य मराठीत किती विचित्र वाटतं बघा. आपण राग 'करतो' ते फार तर जुन्या नात्यांत. एरवी आपल्याला राग येतो. पाहुणा यावा तसा येतो, न सांगता. मग आपण 'रागाच्या भरात' असतो, 'भान हरपतं', 'डोकं फिरतं', 'तोल जातो'. एकाही वाक्यात कर्ता मी नाही. 'मी रागावलो' असं आहे म्हणा, पण माफी मागायची वेळ आली की ते क्रियापद कोणी बाहेर काढत नाही.

मी घेतला तिसरा: मॅथ्यू मर्सरने रचलेला ब्लड हंटर, लायकन पंथाचा. हे लोक शाप मुद्दाम अंगावर घेतात आणि त्याला काबूत ठेवायला शिकतात. अर्धा माणूस, अर्धा लांडगा. अट एक: हिट पॉइंट्स निम्म्याच्या खाली गेले की दर पाळीच्या सुरुवातीला विज्डमचा सेव्ह टाकायचा. आठ किंवा जास्त आले तर ठीक, नाहीतर जो कोणी सगळ्यांत जवळ असेल त्याच्यावर हल्ला. मित्र असो वा शत्रू.

(चौथाही एक पर्याय आहे, साधा वेअरवुल्फचा शाप. २०१४ च्या 'मॉन्स्टर मॅन्युअल'मध्ये लिहिलंय की शाप स्वीकारल्यावर पात्राची वृत्ती बदलली, तर डीएम ते पात्र शाप उतरेपर्यंत स्वतःकडे घेऊ शकतो. मला हा नियम फार प्रामाणिक वाटतो. 'तो मी नव्हतोच' असं म्हणायचं असेल तर शीट खाली ठेवा आणि दुसऱ्याला खेळू द्या.)

आता त्या दहाच्या आकड्याबद्दल. आमच्याकडे प्रत्येकाला पात्र घडवायला २७ पॉइंट मिळतात. विज्डम १० ठेवायला २ पॉइंट लागतात, १४ करायला ७. मी ते पाच पॉइंट वाचवून दुसरीकडे लावले, कारण माझ्या स्प्रेडशीटमध्ये त्याने डॅमेज वाढत होतं. विज्डम १४ असती तर सेव्ह चुकण्याची शक्यता २५ टक्के. दहावर ती ३५ झाली. डाइस शनिवारी पडला हे खरं, पण ही दहा टक्के मी दोन महिने आधी, डोकं शांत असताना, चहा पीत लिहिली होती.

ॲरिस्टॉटलने 'निकोमेकियन एथिक्स'च्या तिसऱ्या भागात नशेत गुन्हा करणाऱ्याला दुप्पट शिक्षा देणाऱ्या कायद्याचा दाखला दिलाय. त्याचं म्हणणं, न पिणं तर त्याच्या हातात होतं ना? मला हे पटतं, पण अर्धंच. खेळात सगळ्यांना २७ पॉइंट मिळतात. आयुष्यात काहींच्या शीटवर घरातून, लहानपणातून आधीच कोणीतरी आकडे लिहून ठेवलेले असतात. त्यांना 'तुझ्या हातात होतं' म्हणणं सोपं आहे, नेहमी खरं नाही.

आणि ड्रुइडही काही संत नाही. मी असा एक वरिष्ठ पाहिलाय, ज्याने कधी आवाज चढवला नाही आणि ज्याच्या मीटिंगमधून लोक रडत बाहेर पडायचे. पूर्ण भानावर असलेलं अस्वल होतं ते. त्याच्यापुढे कधीकधी बार्बेरियन परवडला.

माझी स्वतःची गोष्ट मात्र लायकनची आहे. गेल्या वर्षी एका रिलीजच्या रात्री प्रॉडक्शन बंद पडलं. मी दोन रात्री झोपलो नव्हतो. टीममधल्या नवीन मुलीने चुकीच्या सर्व्हरवर कमांड चालवली होती, आणि मी तिला अकरा जणांच्या कॉलवर जे बोललो ते इथे लिहीत नाही. दुसऱ्या दिवशी मेसेज पाठवला: 'काल रागाच्या भरात बोलून गेलो, मनावर घेऊ नकोस.' तिने अंगठा पाठवला. तेव्हा मला वाटलं, विषय संपला.

क्लेरिक पडली त्या रात्री घरी जाऊन मी तो मेसेज पुन्हा वाचला. 'बोलून गेलो.' जणू मी रस्त्याने चाललो होतो आणि शब्द वाटेत सांडले. वर 'मनावर घेऊ नकोस', म्हणजे उरलेलं कामही तिचंच. झोप झालेली नसली की मी कसा होतो हे मला कॉलेजपासून माहीत आहे. कॉल दुसऱ्याने सांभाळायची तयारी दाखवली होती, मीच नको म्हणालो होतो. ते पाच पॉइंट तिथे गेले.

मी तिला नवीन मेसेज लिहिला. "त्या रात्री मी तुझ्यावर ओरडलो. थकलो होतो हे माहीत असून कॉल सोडला नाही. ती चूक माझी." तिचं उत्तर दोन दिवसांनी आलं. ती म्हणाली की अजूनही माझं नाव स्क्रीनवर दिसलं की तिच्या पोटात गोळा येतो. यावर काय लिहावं ते मला कळलं नाही. 'समजलं' एवढंच लिहिलं.

खेळातल्या रेजची मुळं नॉर्स बर्सर्करांत आहेत. मध्ययुगीन आइसलँडच्या 'ग्रागास' कायद्यात बर्सर्करपणा हा गुन्हा होता, शिक्षा हद्दपारीची. त्यातली एक तरतूद मी आमच्या टेबलावर वाचून दाखवली: तिथे हजर असलेल्यांनी त्याला आवरलं नाही, तर तीच शिक्षा त्यांनाही. आणि त्यांनी आवरलं, तर कोणालाच नाही. डीएम म्हणाला, "हे तर हाउस रूल म्हणून घ्यायला हवं." क्लेरिक म्हणाली, "आधी याला विज्डम घ्यायला सांगा."

चौथ्या लेव्हलला वाढवायला दोन आकडे मिळाले. ते डेक्स्टेरिटीत टाकायचं माझं आधीच ठरलेलं होतं. विज्डममध्ये टाकले. आता १२, म्हणजे चुकण्याची शक्यता ३० टक्के. माझे हिट पॉइंट्स उतरायला लागले की आमचा फायटर न सांगता येऊन माझ्या शेजारी उभा राहतो, कारण त्याचं चिलखत सगळ्यांत जाड आहे. क्लेरिक मला अजूनही बरं करते. फक्त आता लांबून चालणारा मंत्र वापरते.