पुस्तक मिटल्यानंतर

थोड्याच वेळात शाळांच्या घंटा वाजतील. प्रार्थना, प्रतिज्ञा, हजेरी होईल आणि पहिला तास सुरू होईल. बहुतेक वर्गांत धडा काल जिथे थांबला होता तिथूनच पुढे सरकेल. ‘काल आपण इथपर्यंत आलो होतो,’ असे म्हणून शिक्षक पान उलटतील, कारण अभ्यासक्रम मोठा असतो आणि दिवस थोडे असतात. कालच्या आणि आजच्या तासामध्ये एक रात्र गेलेली असते. त्या रात्रीतून मुलांच्या मनात काय उरले, याची विचारपूस मात्र फारशी होत नाही. आज सकाळी त्या विचारपुशीचे मोल समजून घेऊ या.

विसरण्याचे मोजमाप करणारा पहिला मोठा अभ्यासक म्हणजे जर्मनीचा हर्मान एबिंगहाउस. १८८५ साली त्याचे स्मृतीवरचे पुस्तक प्रसिद्ध झाले. प्रयोगासाठी त्याने माणूस निवडला तो एकच, स्वतः. काही अर्थ लागू नये अशी अक्षरांची तुटक जुळणी त्याने तयार केली. तिच्या याद्या तो पाठ करी, काही काळ जाऊ देई आणि मग तीच यादी पुन्हा पाठ करायला किती कमी श्रम पडतात ते मोजी. वीस मिनिटांनी त्याचे सुमारे ५८ टक्के श्रम वाचले. तासाभराने ४४ टक्के, एका दिवसाने जेमतेम ३४ टक्के. म्हणजे विसरण्याचा मोठा उतार पहिल्या दिवसातच लागतो. पण महिन्याभरानंतरही सुमारे २१ टक्के श्रम वाचतच होते. उतार पुढे मंद होत जातो आणि तळाशी काहीतरी टिकून राहते.

ही यादी निरर्थक अक्षरांची होती, हे लक्षात ठेवले पाहिजे. अर्थ कळलेली गोष्ट याहून कितीतरी अधिक टिकते. पण उताराची जात तीच असते, आणि त्यातून शिक्षकाला दोन गोष्टी कळतात. पहिली अशी, की काल वर्गात सगळ्यांनी माना डोलावल्या आणि आज निम्म्यांना आठवेना, तर त्यात मुलांचा आळस शोधू नये. मेंदूची रीतच तशी आहे. दुसरी गोष्ट अधिक धीर देणारी आहे. ‘आठवत नाही’ म्हणणाऱ्या मुलाचे मन कोरे नसते. तेच पुन्हा शिकताना त्याला पहिल्यापेक्षा कमी वेळ लागतो. म्हणून ‘याला काहीच येत नाही’ हा शेरा फार जपून मारावा.

मग विसरण्यावर उपाय कोणता? आपल्याला सुचणारा पहिला उपाय म्हणजे पुन्हा वाचणे. धडा पुन्हा वाचा, वही पुन्हा पाहा, महत्त्वाच्या ओळींखाली रेघा ओढा. अमेरिकेतल्या सेंट लुईस येथील वॉशिंग्टन विद्यापीठात हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिके यांनी हा उपाय तपासला. त्यांचे निष्कर्ष २००६ साली प्रसिद्ध झाले. विद्यार्थ्यांना एक उतारा वाचायला दिला. काहींनी तो पुन्हा वाचला. काहींनी तो बाजूला ठेवून आठवेल तेवढे लिहून काढले. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते, ८१ टक्क्यांना ७५. आठवड्याने परीक्षा घेतली तेव्हा चित्र उलटले. पुन्हा वाचणाऱ्यांना ४२ टक्के आठवले, आणि एकदा वाचून एकदा आठवून पाहणाऱ्यांना ५६ टक्के.

या आकड्यांपुढे क्षणभर थांबायला हवे. पुन्हा वाचताना मजकूर ओळखीचा वाटतो, आणि ती ओळख आपल्याला ज्ञानासारखी भासते. आठवून पाहताना मात्र अडखळायला होते, गाळलेल्या जागा दिसतात, आपल्याला येत नाही असे वाटते. ज्यातून जास्त शिकायला होते तेच करताना आपण कमी शिकतो आहोत असे वाटते. त्यामुळे हुशार, कष्टाळू मुलेही अभ्यासाची चुकीची रीत धरतात आणि परीक्षेच्या दालनात ‘काल तर सगळे येत होते’ म्हणून हतबल होतात. त्यांनी कष्ट केलेले असतात. ते आठवण्यात घालायचे असतात, हे त्यांना कोणी सांगितलेले नसते.

ही गोष्ट काही प्रयोगशाळेपुरती नाही. १९३९ साली हर्बर्ट स्पिट्झरने अमेरिकेतल्या आयोवा राज्यात ९१ शाळांमधल्या सहावीच्या ३,६०५ मुलांना एक उतारा वाचायला देऊन वेगवेगळ्या अंतराने त्यांच्या चाचण्या घेतल्या. वाचनानंतर लगेच ज्यांना प्रश्न विचारले गेले, त्यांनी तो मजकूर पुढे अधिक काळ लक्षात ठेवला. लहान मुले, साधे वर्ग, साधे प्रश्न. आटल्यासारखी वाटणारी विहीर उपसली की झरे मोकळे होतात, हे आपल्या शेतकऱ्याला ठाऊक आहे. मनाचेही तसेच आहे. आठवण बाहेर काढली की ती संपत नाही, तिचा प्रवाह मोकळा होतो. परीक्षा म्हणजे शिकणे संपल्यावर घ्यायची मोजणी, असे आपण धरून चालतो. आठवणे हाच शिकण्याचा एक मोठा भाग आहे, हे वर्गात अजून पुरेसे उतरलेले नाही.

मराठी घरांना हे अनोळखी नसावे. तिन्हीसांजेला देवापुढे दिवा लागला की मुले शुभंकरोती म्हणत आणि त्यापाठोपाठ परवचा होई. पाढे तर असतच, शिवाय पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी हे अपूर्णांकांचे पाढेही. समोर पाटी नसे, पुस्तक नसे. जे म्हणायचे ते आठवून आणि मोठ्याने. रोज थोडे, नव्याबरोबर जुनेही. आठवणे, मध्ये अंतर ठेवणे आणि मागचे पुन्हा पुन्हा वर आणणे, या तिन्ही गोष्टी त्या थोड्या वेळात आपोआप साधत. त्या काळच्या सगळ्याच रीती परत आणाव्यात असे मी म्हणणार नाही. औटकीची गरज आज कोणाला पडणार? पण त्या रीतीमागचे शहाणपण टाकून देण्याजोगे नाही.

घोकंपट्टीला विरोध करता करता आपण कधी कधी पाठांतरालाच गुन्हेगार ठरवतो. तिसरी-चौथीतल्या मुलाला ३४६ गुणिले ७ असे गणित घाला. सात सक बेचाळीस जिभेवर असेल, तर तो दोन मांडतो, हातचे चार लक्षात ठेवतो आणि पुढे जातो. पाढा येत नसेल, तर तो सात-सात मिळवत बोटे मोजू लागतो आणि तोवर हातचा निसटतो. त्याला गुणाकाराची रीत समजलेली असते, तरी उत्तर चुकते. मनाची तात्पुरती जागा, जिथे आपण एका क्षणी काही गोष्टी धरून ठेवतो, ती फार लहान आहे. जॉर्ज मिलरने १९५६ साली तिचा आवाका सातच्या आसपास सांगितला होता. पुढच्या संशोधकांनी तो चारच्या आसपास आणला. पाठ असलेली गोष्ट या लहानशा जागेत गर्दी करत नाही, म्हणून विचाराला जागा उरते. समजून पाठ केलेले विचाराच्या आड येत नाही, ते विचाराला मदत करते. आड येते ते अर्थाशी संबंध तोडून पाठ केलेले.

अर्थ लागतो तो आधीच्या ज्ञानाला धरून. आणि आधीचे ज्ञान नेहमी बरोबर असतेच असे नाही. स्टेला व्होस्नियाडू आणि विल्यम ब्रुअर यांनी लहान मुलांना पृथ्वीच्या आकाराबद्दल खोदून खोदून विचारले. पृथ्वी गोल आहे हे मुलांना पाठ होते. पण काहींच्या मनातली पृथ्वी भाकरीसारखी गोल आणि सपाट होती. काहींना वाटे, पृथ्वी पोकळ गोळा आहे आणि आपण तिच्या आतल्या सपाट तळावर राहतो. मुले शिकवलेले विसरली नव्हती. त्यांनी ते आपल्या डोळ्यांना दिसणाऱ्या सपाट जमिनीशी जमेल तसे जुळवून घेतले होते. ‘पृथ्वीचा आकार कसा आहे?’ एवढेच विचारले असते, तर सगळ्यांना पूर्ण गुण मिळाले असते. म्हणून आठवायला लावायचे ते एका शब्दाचे उत्तर मिळवून थांबण्यासाठी नव्हे. ‘चालत चालत सरळ गेलास तर कुठे पोचशील?’ असा पुढचा प्रश्न विचारला की मुलाच्या मनातली खरी पृथ्वी दिसते, आणि तिथूनच शिकवणे सुरू करता येते.

आता सर्वांत अवघड भाग. प्रश्न विचारून थांबणे. मेरी बड रो या विज्ञान-शिक्षणाच्या अमेरिकी संशोधिकेने प्राथमिक वर्गांमधल्या तासांची ध्वनिमुद्रणे ऐकली. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एक सेकंदच वाट पाहत होते. तेवढ्यात हात वर गेला नाही, की प्रश्न दुसऱ्याकडे जाई किंवा उत्तर शिक्षकच देऊन टाकत. शिक्षकांनी तीन सेकंद किंवा अधिक थांबायला सुरुवात केली, तेव्हा मुलांची उत्तरे लांबली, गप्प राहणे कमी झाले, आणि मंद म्हणून बाजूला पडलेली मुलेही बोलू लागली. एका सेकंदात आठवण वर येत नाही. झटपट हात वर करणाऱ्या चार मुलांवरच तास चालला, तर उरलेल्या तीस मुलांचे आठवणे अर्ध्यावर तुटते. त्यांना उत्तर ऐकायला मिळते, ते शोधण्याची संधी मिळत नाही.

थांबण्याइतकेच महत्त्वाचे आहे भय नसणे. चूक झाली तर वर्ग हसेल, सर रागावतील, या विचाराने मनाची ती लहानशी जागा आधीच व्यापलेली असते. घाबरलेल्या मुलाला येत असलेलेही आठवत नाही, हे फळ्यासमोर उभ्या राहिलेल्या प्रत्येकाने अनुभवले आहे. म्हणून या प्रश्नांना गुण नकोत, नोंदवहीत खूण नको. चुकीचे उत्तर मात्र तसेच सोडूनही चालणार नाही. ते लगेच, शांतपणे, कारणासह दुरुस्त व्हायला हवे, नाहीतर चूकच पक्की होते. गुण न देता दुरुस्ती करणे हे शिक्षकाच्या मायेचे आणि शिस्तीचे एकत्र काम आहे.

वेळापत्रकाबद्दलही एक सांगायला हवे. ॲलन बॅडली आणि लाँगमन यांनी ब्रिटनमधल्या टपाल कर्मचाऱ्यांच्या टंकलेखन प्रशिक्षणाचा अभ्यास करून १९७८ साली तो प्रसिद्ध केला. रोज एकच तास शिकणाऱ्यांना तेवढेच कौशल्य कमी तासांत आले. रोज दोन-दोन तासांच्या दोन बैठका करणाऱ्यांना त्याहून बरेच जास्त तास लागले. तरीही आपल्या प्रशिक्षणावर सर्वांत नाराज होते ते रोज एक तास शिकणारेच, कारण त्यांचे दिवस जास्त गेले. वर्गातही लवकर संपवण्याचा हाच मोह असतो. एक घटक सलग आठवडाभर घासून ‘संपवला’ की समाधान वाटते. त्यापेक्षा तोच घटक पुढच्या आठवड्यात, पुढच्या महिन्यात, दिवाळीच्या सुट्टीनंतर थोडा थोडा वर आला, तर तो टिकतो. मधल्या रात्रीही वाया जात नाहीत. झोपेत आठवणी स्थिरावतात. परीक्षेच्या आदल्या रात्री जागणारे मूल अभ्यासाचे काही तास मिळवते, पण जी झोप त्या अभ्यासाला घट्ट करणार होती तीच गमावते.

हे सगळे करायला नवे साहित्य लागत नाही, पडदा लागत नाही, निधी लागत नाही. लागतात ती तासाच्या सुरुवातीची पाच मिनिटे. अभ्यासक्रमाच्या ओझ्याखाली तीही जड वाटतात, हे खरे आहे, आणि तक्रार खोटी नाही. पण आठवड्याने निम्मे पुसले जाणारे शिकवून पुढे धावण्यात जो वेळ वाचतो, तो पुढे उजळणीत दुपटीने द्यावा लागतो. पाच मिनिटांचा हिशेब शेवटी फायद्याचाच ठरतो.

तर आज पहिल्या तासाला एवढे करून पाहावे. वह्या-पुस्तके मिटवायला सांगावी. काल शिकलेल्यांपैकी दोन गोष्टी आणि मागच्या महिन्यातली एक गोष्ट प्रत्येकाने कागदावर लिहावी, मग शेजाऱ्याला सांगावी. एक प्रश्न मोठ्याने विचारावा आणि मनात तीन अंक मोजून होईपर्यंत कोणाचेही नाव घेऊ नये. जे चुकले ते सर्वांसमोर, कोणाचे ते न सांगता, नीट करावे आणि मगच आजचे पान उघडावे. घरी पालकांनीही ‘आज काय शिकवले?’ या प्रश्नाला ‘सगळे’ हे उत्तर मान्य न करता, पाटी-पुस्तक बाजूला ठेवून मुलाकडून एक गोष्ट समजावून घ्यावी.

मूल काही काळ अडखळेल. त्या अडखळण्याला अपयश न समजता शिकण्याचा आवाज समजायला आपण शिकलो, तर आपल्या वर्गांतली कितीतरी मुले ‘आपल्या लक्षात राहत नाही’ हा स्वतःबद्दलचा खोटा निकाल मागे घेतील. शिक्षकाच्या हातून मुलाला मिळावी अशी याहून मोठी गोष्ट मला दिसत नाही.