सारखा वाटा

बांबवड्याजवळच्या एका वाडीत दोन भाऊ राहत होते आणि दोघांकडे एकेक जिप्सी होती. घराचा कारभार आईच्या हातात. तिचा नियम एकच: थोरल्याला जे, तेच धाकट्याला. सदरा घेतला तर दोन, मोबाइल घेतला तर दोन, आणि कारखान्याकडून उसाचं बिल आलं की त्याचे पहिल्यांदा दोन सारखे भाग. या नियमानं घरात भांडण असं कधी झालं नव्हतं, हे तिच्या बाजूनं सांगितलंच पाहिजे.

गाड्या मात्र फक्त दिसायला सारख्या होत्या. थोरल्याची जिप्सी पहाटे दुधाचे कॅन घेऊन डेअरीवर जायची आणि परत येऊन गोठ्याच्या कडेला उभी राहायची. अधूनमधून गुळाचे रवे भरून आंबा घाट उतरायची आणि कोकणातला माल घेऊन परत चढायची. धाकट्याची जिप्सी ऑटोक्रॉसच्या शर्यतीत पळायची. त्यानं तिला टर्बो बसवला होता, आणि वाडीतली निम्मी पोरं ती सुरू होताना बघायलाच जमायची.

एकाच पावसाळ्यात दोन्ही इंजिनं थकली. थोरल्याचं इंजिन ऑइल प्यायला लागलं आणि मागून निळा धूर सोडायला लागलं. साध्या झिजेचं हे लक्षण. धाकट्याचं दुखणं वेगळं होतं. टर्बो सिलिंडरमध्ये जास्त हवा कोंबतो, तसा आतला दाब वाढतो. त्यात इंजिन नॉकिंग करायला लागलं, म्हणजे पेट्रोल सरळ जळत न जाता भडकलं, की पिस्टनवर घणाचे घाव बसतात. त्याच्या तिसऱ्या पिस्टनच्या दोन रिंगांमधली कड तुटून पडली होती. 2019 मध्ये कंपनीनं जिप्सी बंद केली, तेव्हा नवी गाडी घेण्याचा प्रश्नच नव्हता. दोघंही आईला घेऊन कोल्हापुरात, शिवाजी उद्यमनगरातल्या एका मिस्त्रीकडे गेले. आईला यासाठी, की पैसे तिच्याकडे होते.

मिस्त्रींनी दोन्ही ब्लॉक धुतले आणि बोअर गेज लावला. मूळ बोअर 74 मिलिमीटरचा, पण दोन्हीकडे सिलिंडर वरच्या बाजूला झिजून रुंद झाले होते. “दोन्हीला पन्नासचा ओव्हरसाइज लागंल,” ते म्हणाले. म्हणजे बोअर मारून साडेचौऱ्याहत्तर करायचा आणि त्या मापाचे नवे पिस्टन घालायचे. 1298 सीसीचं इंजिन त्यानं 1316 च्या आसपास जातं. एवढ्यानं गाडी काही उडत नाही.

“पिस्टन कसले घालायचे, ते सांगा आता.”

धाकट्याचं ठरलेलंच होतं. त्याला फोर्ज्ड हवे होते, बाहेरून बनवून मागवलेले. मिस्त्रींनीही मान हलवली. कंपनीचा पिस्टन वितळलेलं ॲल्युमिनियम साच्यात ओतून करतात; त्यात सिलिकॉन भरपूर असतं, त्यामुळं तो कठीण होतो, कमी झिजतो, तापला तरी फार फुगत नाही. पण घाव बसला की तडकतो. फोर्ज्ड पिस्टन ओतत नाहीत. तापवलेला गोळा प्रेसखाली दाबून त्याला आकार देतात, तेव्हा धातू आतून घट्ट बसतो आणि पोकळी राहत नाही. टर्बोच्या इंजिनात तोच टिकतो.

फोर्ज्डमध्येही दोन जाती चालतात. 4032 नावाच्या मिश्रधातूत साधारण 12 टक्के सिलिकॉन असतं. 2618 मध्ये ते जवळजवळ नसतंच. तिथं तांबं, मॅग्नेशियम, निकेल असतं. त्यामुळं 2618 चिवट होतो, घाव बसला तर तुटण्याआधी सोसतो. पण तापला की जास्त फुगतो. कॉन्कॉर्ड विमानाचा सांगाडा आणि पत्रा याच घराण्यातल्या धातूचा होता. आवाजाच्या दुप्पट वेगानं जाताना ते तापायचं आणि वीतभर लांब व्हायचं. पिस्टनला तेवढी लांबी नसते, पण स्वभाव तोच. साडेचौऱ्याहत्तर मिलिमीटरचा हा पिस्टन शंभर अंशांनी तापला तर सुमारे 0.16 मिलिमीटरनं वाढतो. भोवतीचं बिडाचं लाईनर पाण्यानं गार राहतं, आणि बीड मुळातच कमी वाढतं. मग वाढलेल्या पिस्टननं जायचं कुठं? म्हणून त्याला थंडपणी जास्त जागा सोडून ठेवावी लागते.

“धाकट्याला 2618 घालू,” मिस्त्री म्हणाले. “थोरल्याला कंपनीचेच बरे. अगदीच फोर्ज्ड पाहिजे असतील तर 4032 घे.”

थोरल्याला एवढ्यात आकडा दिसला. 4032 हा 2618 पेक्षा मोठा, म्हणून क्षणभर तो खुशीत आला. मग धाकट्यानं हसत हसत सांगितलं की मोठ्या आकड्याचा इथं काही संबंध नाही, चिवट तो 2618. थोरल्याचा चेहरा पडला.

“मग मला बी तोच. त्याला भारी आणि मला हलका का म्हणून?”

“तुझी गाडी जाती कुठं रोज?” मिस्त्रींनी विचारलं.

“डेअरीला.”

“किती लांब?”

“हितंच की. गावाच्या टोकाला.”

“मग इंजिन नीट तापायच्या आतच तू ते बंद करणार. ह्या पिस्टनला तापल्याशिवाय जागा भरून काढता येत न्हाई. रोज सकाळी आत टकटक वाजणार, ऑइल वर चढणार. तुला टर्बो न्हाई, नॉकिंग न्हाई. जे दुखणंच न्हाई त्याचं औषध कशाला घेतोस?”

थोरला आईकडे बघायला लागला. आईनं नेहमीचं उत्तर दिलं. “मिस्त्री, दोघांना सारखंच घाला. मला घरात ईर्षा नको.”

गिऱ्हाईक पैसे देऊन चुकीची वस्तू मागत असेल तर कारागिरानं किती वेळा नाही म्हणावं, याचा हिशेब कुठल्याच पुस्तकात नाही. मिस्त्रींनी दोनदा म्हटलं आणि ऑर्डर लिहून घेतली.

सेट आले. प्रत्येक डब्यात बनवणाऱ्याचं एक कार्ड होतं. पिस्टन कुठं मोजायचा, किती जागा सोडायची, रिंगेच्या तोंडात किती फट ठेवायची, हे सगळं त्यावर. यातली पहिली ओळ बरेच जण वाचत नाहीत. पिस्टन गोल दिसतो, पण गोल नसतो. गजन पिनच्या दिशेनं तो अरुंद असतो, तिला काटकोनात रुंद. आणि डोक्याकडे बारीक, खाली स्कर्टकडे जाड. डोकं जास्त तापतं म्हणून त्याला आधीपासूनच बारीक ठेवलेलं असतं. तापल्यावर जो आकार यायला हवा, त्याचा विचार करून हा थंड आकार दिलेला असतो. म्हणून कार्डावर सांगितलेल्या उंचीवर, पिनच्या काटकोनातच मायक्रोमीटर लावायचा. कुठंही लावला तर जो आकडा मिळतो त्याचा उपयोग शून्य. मिस्त्रींनी आठही पिस्टन एकेक करून मोजले, प्रत्येकावर खडूनं नंबर टाकला आणि ज्या सिलिंडरमध्ये जो बसायचा त्याच्याच मापानं होनिंग केलं. कार्डावर जागा होती 0.08 मिलिमीटर. या इंजिनात कंपनीच्या पिस्टनला 0.02 ते 0.04 पुरते. मिस्त्रींनी कार्डाप्रमाणे 0.08 सोडली, दोघांनाही. धाकट्याच्या रिंगांची तोंडं मात्र त्यांनी कानशीनं आणखी घासली, कारण टर्बोच्या उष्णतेत रिंग लांबते, तिची दोन टोकं एकमेकांना भिडली तर ती पिस्टनची कडच उचकटून काढते.

धाकट्याची गाडी पहिल्या शर्यतीपासून खूश. तो आधी इंजिन दमानं तापवायचा, मगच ॲक्सिलेटर दाबायचा. टकटक दोन-चार मिनिटांत विरून जायची.

थोरल्याची ती विरेनाच. पहाटे पाचला गाडी सुरू झाली की पत्र्यावर कुणी बोटानं वाजवतंय असा आवाज, आणि तो थांबायच्या आत डेअरी यायची. कॅन उतरवणारी माणसं चेष्टा करायची. “काय पाटील, नवं इंजिन म्हणत होतासा न्हवं?” थोरल्याला ते फार लागलं. पैसा धाकट्याइतकाच गेला आणि गाडी म्हातारी वाटते! त्यानं मिस्त्रींकडे जायचं टाळलं, कारण तिथं काय ऐकावं लागेल ते त्याला माहीत होतं. दुसऱ्या एका वर्कशॉपमध्ये गेला आणि म्हणाला, “जागा लई सोडलीया. टाइट करून द्या.”

मोठा झालेला बोअर लहान होत नाही. त्यासाठी जुनी लाईनर काढून नवी बसवावी लागतात. त्यांनी ती बसवली, तेच पिस्टन ठेवले, आणि कंपनीच्या सवयीनं 0.03 जागा सोडून होनिंग केलं. डब्यातलं कार्ड कुणी मागितलं नाही, थोरल्यानंही दाखवलं नाही.

आवाज गेला. इंजिन शिलाई मशीनसारखं चाललं. डेअरीवरची चेष्टा थांबली, आणि थोरल्यानं घरी येऊन सांगितलं की मिस्त्रीचा हात आता पहिला राहिला नाही.

मे महिना आला. साखरप्याकडून हापूसच्या पेट्या भरून थोरला दुपारच्या उन्हात आंबा घाट चढायला लागला. दुसऱ्या गिअरमध्ये, भरल्या गाडीनं, एकामागून एक वळणं. इतके दिवस डेअरीपर्यंतच्या फेरीत जो पिस्टन कधी पुरता तापलाच नव्हता, तो आज तापला आणि आपल्या स्वभावाप्रमाणे वाढला. त्याला वाढायला जागा नव्हती. अर्ध्या घाटात गाडी एकाएकी जड झाली, कुणी मागून धरून ठेवल्यासारखी ओढायला लागली आणि बंद पडली. स्टार्टर मारला तर नुसती टक. पाण्याचा काटा मधेच होता, तापल्याची कसलीही खूण नाही. थोरल्याला वाटलं बॅटरी गेली. गार झाल्यावर इंजिन फिरलं खरं, पण खरखरत. पेट्या दुसऱ्या टेम्पोत चढवल्या आणि जिप्सी ओढत उद्यमनगरात आणली.

मिस्त्रींनी पिस्टन बाहेर काढून फडक्यावर मांडले. चौघांपैकी तिघांच्या स्कर्टवर दोन्ही बाजूंनी उभे ओरखडे होते आणि लाईनरच्या भिंतीला ॲल्युमिनियम फासलं गेलं होतं. ऑइल कमी पडलं असतं तर क्रँकच्या बेअरिंगांनीही ते सांगितलं असतं; ती ठीक होती. दोन्ही बाजू सारख्या धरल्या म्हणजे जागाच कमी. त्यांनी बोअर गेज लावला आणि आकडा थोरल्याला वाचायला सांगितला. मग डब्यातलं कार्ड समोर ठेवलं.

“पिस्टन खराब हायत का?” आईनं विचारलं.

“पिस्टन एक नंबर हायत, आक्का. ज्या कामाचे हायत, त्या कामाला. ताकद पाहिजे म्हटलं की तिला वावरायला जागा बी द्यायला लागती. जागा दिली तेव्हा ह्याला आवाज सोसंना, आणि काढून घेतली तर पिस्टनला सोसंना.”

आई बराच वेळ त्या ओरखड्यांकडे बघत राहिली. तिच्या वडिलांच्या दावणीला शर्यतीची खोंडं असायची, नांगराचे बैलही असायचे.

“आमच्या बापानं शर्यतीच्या खोंडाला अंडी-दूध घातलं,” ती म्हणाली, “पण नांगराच्या बैलाला कधी तसला खुराक चारला न्हाई. नांगराचा बैल काय त्याचा दुश्मन न्हवता. त्याला कडबा, पेंड आणि दुपारची सावली लागायची, ती त्याला मिळायची. मी पोरांना मात्र एकाच मापानं वाढत गेलो. कुणाचं काम काय, ते विचारलंच न्हाई. ज्याला जे लागतंय ते द्यायला पाहिजे होतं.”

थोरल्यानं मान खाली घातली होती, पण रागानं नव्हे. तो पिस्टनच्या स्कर्टवरून अंगठा फिरवत होता. त्यानं स्वतःच सांगितलं, “कंपनीचे घाला.”

लाईनर पुन्हा बदलावी लागणार होतीच, तेव्हा ओव्हरसाइजची गरज उरली नाही. बोअर परत मूळच्या 74 वर आला, साधे ओतीव पिस्टन बसले, जागा 0.03. सेट धाकट्याच्या सेटच्या मानानं इतका स्वस्त पडला की आईनं बिल दोनदा वाचलं. उरलेल्या रकमेतून तिनं थोरल्याच्या गाडीचा रेडिएटर नवा करायला सांगितला, कारण घाट चढणाऱ्या गाडीला तो आधी लागतो असं मिस्त्रींचं म्हणणं पडलं.

हे सगळं होईपर्यंत धाकटा दारात उभा राहून ऐकत होता. तो पुढं आला.

“आई, दादाच्या गाडीला नवा रेडिएटर, मग माझ्या गाडीला काय?”

“देतो की तुला बी,” आई म्हणाली. “उद्यापासनं पहाटेचं अर्धं दूध तू घालायचं.”

धाकट्यानं थोडा वेळ विचार केल्यासारखं केलं. मग त्यानं विषय बदलून मिस्त्रींना विचारलं, की याच्याहून मोठा टर्बो कितीला पडेल.

“आधी ब्रेक दाखव तुझ्या गाडीचे,” मिस्त्री म्हणाले आणि जॅक घेऊन बाहेर गेले.