हाती आलेली ठेव

दुसऱ्याचा सांधा पेचात धरण्याची विद्या शिकणे अहिंसा मानणाऱ्या गृहस्थास शोभते काय? बंगळूरच्या जुन्या पेठांत तांबड्या मातीच्या तालमी आहेत. त्यांना तेथे गरडी मने म्हणतात. त्याच नगरात आता गादीवर ब्राझिलियन जिउ-जित्सूही शिकविले जाते. या विद्येचे मूळ जपानात आहे. जिगोरो कानो यांनी १८८२ साली ज्युदोची शाळा काढली. अतिघातक डाव त्यांनी मोकळ्या झुंजीतून बाजूला ठेवले; त्यामुळेच उरलेल्या डावांचा अभ्यास प्रतिकार करणाऱ्या जोडीदाराशी, पूर्ण बळाने, नित्य करता येऊ लागला. पुढे मित्सुयो माएदा यांच्याकडून ती विद्या ब्राझीलमधील ग्रेसी कुटुंबात गेली.

हा सारा अभ्यास एका लहानशा खुणेवर उभा आहे. पेचात सापडलेला साधक जोडीदाराच्या अंगावर दोनदा थोपटतो, आणि दुसऱ्याने तत्क्षणी पकड सोडावयाची असते. थोपटणे सोपे, परंतु अहंकाराला तेच जड जाते, आणि त्यापायी सांधा दुखावतो. (ही भक्ताची शरणागती नव्हे, तथापि मान दोन्हीकडे लववावी लागते.)

याहून कठीण कसोटी जिंकणाऱ्याची. दुसऱ्याचा देह त्याच्या हाती ठेव म्हणून आलेला असतो. हिंसा पकडीत नाही. खूण मिळाल्यावरही क्षणभर अधिक आवळण्यात जे सुख वाटते, त्यात ती आहे. त्या क्षणी तेथे पाहणारा कोणी नसतो. कित्येकदा गुरूचेही लक्ष दुसऱ्या जोडीकडे असते. कानो यांनी परस्परकल्याण हे ध्येय सांगितले, ते याच क्षणी खरे वा खोटे ठरते. पकड सुटली, की दोघे पुन्हा समोरासमोर गुडघ्यांवर बसतात आणि नव्याने आरंभ करतात.