वाफेचा हिशेब

पर्यावरणाची काळजी घेणारं घर म्हटलं की डोळ्यांसमोर कापडी पिशवी येते, खोलीबाहेर पडताना आठवणीने बंद केलेला दिवा येतो. दोन्ही सवयी चांगल्याच. पण घरातला खरा मोठा खर्च उष्णतेचा असतो. अंघोळीचं पाणी तापवणं, अन्न शिजवणं आणि उन्हाळ्यात खोली गार ठेवणं, या तीन कामांत पैसा आणि इंधन सर्वाधिक जातं. काटकसरीला सुरुवात इथून करावी, असं मला आग्रहाने म्हणायचं आहे.

दिव्यांचा प्रश्न बराचसा सुटलेला आहे. २०१५ मध्ये 'उजाला' योजना आली, एलईडी बल्ब स्वस्त झाले आणि साठ वॅटच्या जुन्या बल्बचं काम नऊ वॅटमध्ये होऊ लागलं. असा एक दिवा रोज पाच तास लावला तरी महिन्याला दीड युनिटही होत नाही. उलट दोन हजार वॅटचा गीझर रोज अर्धा तास चालला की महिन्याला तीस युनिटं जातात. गीझर पंधरा मिनिटं चालवायला लागणाऱ्या विजेवर तो नऊ वॅटचा दिवा पन्नासहून अधिक तास जळेल. विजेचे दर टप्प्याटप्प्याने चढत असल्यामुळे वाचलेलं युनिट नेहमी वरच्या, म्हणजे महाग टप्प्यातलं असतं, हेही ध्यानात घ्यावं.

पूर्वी वाड्यातल्या न्हाणीघरात तांब्याचा बंब असे. नारळाच्या शेंड्या, करवंट्या, काटक्या, जे हाताशी असेल ते त्यात जाई. त्या धुराचे गोडवे गाण्याचं कारण नाही. तो धूर कुणाच्या डोळ्यांत जात होता हे सगळ्यांना माहीत आहे. पण एक गोष्ट त्यात बरोबर होती: उष्णतेचं काम थेट उष्णतेनेच होत होतं. आज चंद्रपूरला कोळसा जाळायचा, त्यातल्या उष्णतेचा साधारण तिसरा हिस्सा विजेत उतरवायचा, ती वीज तारांवरून शेकडो किलोमीटर आणायची आणि न्हाणीघरात तिची पुन्हा उष्णता करायची, असा उलटा प्रवास चालतो. त्या कोळशाची राख आणि धूर चंद्रपूरकरांच्या वाट्याला येतात. म्हणून ज्या इमारतीच्या गच्चीवर ऊन पडतं तिथे सौर बंब असावा. तो नसेल तर निदान गीझर अंघोळीच्या आधी लावावा आणि पाणी तापताच बंद करावा. शॉवरखाली उभं राहण्यापेक्षा बादलीत पाणी घेतलं की किती घेतलं ते डोळ्यांना दिसतं. टाकीतलं पाणी अतिशय कडक तापवून मग त्यात गार पाणी मिसळत बसण्यात काही हशील नाही. टाकी जितकी जास्त तापलेली, तितकी तिच्या अंगातून उष्णता बाहेर झिरपते.

स्वयंपाकघरात तर हा विषय फार मनोरंजक होतो. उकळी फुटल्यावर उघड्या भांड्यातलं पाणी शंभर अंशांच्या वर जात नाही. आच मोठी ठेवली म्हणून बटाटा लवकर शिजत नाही, पाणी मात्र भराभर आटतं. लिटरभर पाण्याला उकळी आणायला जितकी उष्णता लागते, तिच्या सुमारे सातपट तेच पाणी पूर्ण आटवायला लागते. सिलिंडरचे पैसे जातात ते या वाफेवाटे. झाकण ठेवणं आणि उकळीनंतर आच बारीक करणं, एवढ्याने ती गळती पुष्कळशी बंद होते.

कुकरमध्ये दाब वाढतो, आतलं पाणी एकशेवीस अंशांच्या आसपास जातं, म्हणून तूरडाळ तिथे झटपट शिजते. आपल्याकडे कुकरची भाषा शिट्ट्यांची आहे: भाताला दोन, डाळीला चार, छोल्यांना सात. पण अन्न शिजतं ते दाबाने आणि वेळेने. शिट्टी म्हणजे कुकरला नको असलेली वाफ, पैसे देऊन तयार केलेली. पहिली शिट्टी झाली की गॅस अगदी बारीक करावा आणि घड्याळाकडे पाहावं. गॅस बंद केल्यावरही वाफ जिरेपर्यंत आत शिजणं चालूच असतं, तेव्हा शिट्टी उचलून वाफ सोडण्याची घाई करू नये. हरभरे, राजमा, छोले रात्री भिजत घालावेत. आपल्याला लागणाऱ्या स्वयंपाकाच्या गॅसपैकी निम्म्याहून अधिक गॅस परदेशातून येतो, एवढं लक्षात घेतलं तर ही रात्रीची वाटीभर तयारी किरकोळ वाटणार नाही.

इथे एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. काटकसरीच्या बऱ्याच सूचना घरातल्या बाईच्या कष्टांवर उभ्या असतात. धुण्याचं पाणी बादल्यांनी उचलून संडासात टाका, सगळं घरीच बनवा, सगळं हातानेच धुवा. त्यात पैसे वाचतात, पण तिची पाठ आणि तिची दुपार खर्च होते, आणि तो खर्च कुठल्याच वहीत लिहिला जात नाही. अशा बचतीला मी बचत म्हणणार नाही. आच बारीक करणं, झाकण ठेवणं, गीझरचं बटण वेळेवर बंद करणं यांत कुणाचे श्रम वाढत नाहीत, आणि ही कामं घरातला कुणीही करू शकतो.

राहिली गारव्याची गोष्ट. एसी एका अंशाने वर ठेवला की सुमारे सहा टक्के वीज वाचते, असं ऊर्जा दक्षता ब्युरो सांगतं. २०२० पासून नव्या एसींची सुरुवातीची जुळवणी चोवीस अंशांवर आली ती यासाठीच. सोबत पंखा मंद लावला की सव्वीसलाही झोप चांगली लागते. मात्र ऊन आत आल्यावर ते एसीने बाहेर काढण्यापेक्षा बाहेरच अडवणं शहाणपणाचं. काचेच्या आतल्या पडद्यापर्यंत उष्णता आलेलीच असते. खिडकीबाहेरचा तट्ट्या किंवा बांबूचा पडदा तिला दारातच थांबवतो. विदर्भात कोरड्या हवेमुळे वाळ्याचा कूलर उत्तम चालतो, मुंबईच्या दमटपणात तो निरुपयोगी ठरतो. तेव्हा दुसऱ्या गावची युक्ती जशीच्या तशी उचलू नये.

सगळ्यात वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांचा त्रास वेगळा आहे. दिवसभर तापलेला स्लॅब रात्रभर खोलीत उष्णता सोडत राहतो. गच्चीला पांढरा चुना किंवा पांढरा रंग दिला तर ऊन बरंचसं परत फिरतं. पण गच्ची सोसायटीची, घर कदाचित भाड्याचं, आणि खालच्या मजल्यांना त्या उकाड्याची झळ नाही, म्हणून विषय रेंगाळतो. सोसायटीच्या सभेत खालच्या मजल्यावरच्या कुणीतरी हा ठराव मांडावा, आणि चुन्याचं काम फेब्रुवारीतच उरकून घ्यावं.