तोफखान्याच्या सेनानीचे घरचे टपाल

हेन्री नॉक्स हा बोस्टनचा पुस्तकविक्रेता. युद्धशास्त्र तो शिकला ते आपल्याच दुकानातली पुस्तके वाचून. पुढे १७७५-७६च्या हिवाळ्यात टायकोंडरोगाच्या किल्ल्यातल्या ५९ तोफा त्याने बर्फावरून ओढून बोस्टनला आणल्या आणि अमेरिकन क्रांतीच्या इतिहासात त्याचे नाव पक्के झाले. पण त्याच्या घरच्या पत्रव्यवहारात भाव खाऊन जाते ती त्याची बायको लुसी.

तिचे माहेर इंग्रजांच्या बाजूचे. वडील थॉमस फ्लकर मॅसॅच्युसेट्स वसाहतीचे राजनियुक्त सचिव. १७७६च्या मार्चमध्ये नॉक्सने आणलेल्या तोफा बोस्टनवर रोखल्या गेल्या, इंग्रज फौजेने शहर सोडले आणि फ्लकर कुटुंबही देशाबाहेर गेले. आईवडील लुसीला पुन्हा कधी दिसले नाहीत. नवऱ्याच्या पराक्रमाने माहेर तुटावे, हे दुःख तिने कुणापाशी बोलायचे? ज्याच्यापाशी बोलायचे, तो तर छावणीत.

त्याच वर्षी जून महिन्याअखेर न्यूयॉर्कमध्ये मात्र दोघे एकत्र होते; न्याहारीला बसले असताना खिडकीतून शत्रूची जहाजे खाडीत शिरताना दिसली. शहरभर धावपळ, इशाऱ्याच्या तोफा, सैनिक आपापल्या जागी पळताहेत. बायकोला वेळीच परगावी पाठवले नाही म्हणून जीव खालीवर होत असलेला नॉक्स नंतर तिच्यावरच डाफरला. त्याने हे भावाला लिहिलेल्या पत्रात स्वतःच कबूल केले आहे. पुढे ट्रेंटनच्या लढाईतल्या विजयाचे वर्णन करणारा सेनापती इथे साधा घाबरलेला नवरा आहे, आणि म्हणूनच जास्त खरा वाटतो.

अशी पत्रे शत्रूच्या हाती पडण्याची धास्ती होतीच. क्रांतीचा एक पुढारी जॉन अॅडम्स याने बायकोला लिहिलेले पत्र १७७५ मध्ये इंग्रजांनी पकडून चक्क वर्तमानपत्रात छापले होते. मार्था वॉशिंग्टनने तर नवऱ्याच्या मृत्यूनंतर दोघांची बहुतेक पत्रे जाळून टाकली. नॉक्स दांपत्याची टिकली, हे आपले नशीब.

कारण ऑगस्ट १७७७ मधले लुसीचे पत्र त्यात आहे. एव्हाना एकटीने घर चालवून ती तयार झाली होती. ती नवऱ्याला बजावते की परत आल्यावर घरातही सरसेनापती असल्यासारखे वागू नका. घरात हुकूम दोघांचा सारखाच चालतो. राजाचा हुकूम झुगारायला निघालेल्या माणसाला याहून अडचणीचा प्रश्न कोण विचारणार?

तरी लुसीला समतेची देवी करून मखरात बसवायचे कारण नाही. तिच्या आजोळची मेनमधली प्रचंड जमीन युद्धानंतर नॉक्सने बरीचशी आपल्या ताब्यात घेतली. तिथे वस्ती करून राहिलेल्यांत क्रांतियुद्धात लढलेले सैनिकही होते. कसली-राखली ती जमीन आपलीच, असे ते म्हणत. नॉक्स मात्र मालकीहक्काचे कागद पुढे करून त्यांच्याकडे पैसे मागत होता.